टेपाडावरचे खतखड्डे

पंचायतीत बाईसाठी जागा राखून ठेवायची असा कायदा आला, तेव्हा आमच्या गावानं मला धरून नेलं. कारण एवढंच, की मला सही करता येत होती. नागावच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले होते, आणि आमच्या या खारातल्या गावात तेवढं शिकलेली दुसरी बाई नव्हती. मत विचारायला मला कुणी नेलं नव्हतं, हे पहिल्याच बैठकीत कळलं. तरीही मी जात राहिले, डोईवर पदर घेऊन दाराजवळच्या तरटावर बसत राहिले. त्याचा राग मला आज या वयातही येतो. लोकांवरचा राग निवला हो, माझ्या स्वतःवरचा काही निवत नाही. तो का, तेच सांगते.

स्वातंत्र्य येऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. चौलच्या पुढं खाडीच्या काठाला आमचं गाव, चाळीसेक घरांचं. तीन बाजूंनी भाताची खार जमीन, तिच्या कडेनं मातीचा बांध, बांधापलीकडं खाडी. माझं माहेर नागाव. तिथं वाडीत कुठंही खणा, गोडं पाणी. इथं लग्न होऊन आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात परसात आळूसाठी खड्डा खणला, तर हातभरावर खारं पाणी. सासरची माणसं हसली. गावभर असंच होतं. फक्त गावाच्या मागं एक टेपाड होतं, वाळूमातीचं, तीसेक नारळ होतील एवढं. त्या टेपाडावर एकच विहीर. तिला सगळे गोडी विहीर म्हणत. गावात पिण्याजोगं पाणी तेवढंच.

त्या विहिरीची रीत मला माझ्या थोरल्या जावेनं शिकवली. विहिरीच्या आत, पुरुषभर खाली, एक काळा दगड पुढं आलेला होता. उन्हाळ्यात पाणी उतरत उतरत तो दगड उघडा पडला, की दोर गुंडाळायचा आणि घरी यायचं. मग घरात लग्न असो की बाळंतीण असो. दुसऱ्या दिवशी पाणी चढलं की पुन्हा कळशी सोडायची. कारण खाली खारं पाणी आहे आणि त्याच्यावर हे गोडं पाणी दुधावरच्या सायीसारखं बसलंय, असं जाऊबाई म्हणायच्या. साय ओरबाडली की संपलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण त्या विहिरीचं त्यांना जेवढं कळत होतं तेवढं नंतर आलेल्या एकाही शहाण्याला कळलं नाही.

आता कचऱ्याकडं येते. आमच्या उकिरड्यांचं मी कौतुक करणार नाही. गोठ्याचा केर, चुलीची राख, मासळीची खवलं, वाळक्या पानांचा पातेरा, सगळं घरामागं ढीग करून टाकायचं. ते काही फेकून द्यायचं नसे. फाल्गुनात तेच भाताच्या राबावर, म्हणजे रोपाच्या वाफ्यावर, पसरून भाजायचं, तेव्हा कुठं रोप धरायचं. म्हणजे आमचा कचरा हेच आमचं बी-बियाण्याचं खत. पण श्रावणातल्या उधाणाला पाऊस गाठला, की खाडी बांधावरून आत यायची, गल्लीत गुडघाभर पाणी व्हायचं, आणि सगळ्यांचे उकिरडे तरंगत एकमेकांच्या ओटीवर यायचे. शेजारणीचं शेण माझ्या उंबऱ्यात नि माझी राख तिच्या चुलीत. पोरं आठ-आठ दिवस जुलाबानं हैराण. आणि वर्षभराचं साठवलेलं खाडीत वाहून गेलेलं. दरसाल हेच. पुरुष म्हणायचे, खाडीचा गाव हाय, चालायचंच. चालायचंच म्हणायला त्यांचं काय जात होतं? ओटी तर आम्हीच धूत होतो.

एका वर्षी जाऊबाईंचा सबंध ढीग वाहून गेला आणि त्या संतापल्या. भाताची उडवी रचतो ती जमिनीवर रचत नाही, दगडांवर आडवी लाकडं टाकून त्यांच्यावर रचतो, म्हणजे पाणी खालून जातं. त्या म्हणाल्या, भाताला जमतं ते शेणाला का नाही? दोघींनी मिळून शेणासाठी उंच कोठीच बांधली. गोठ्यामागं कमरेएवढे सहा दगडी पाये उभे केले. त्यांच्यावर जुन्या पोफळीचं खोड उभं चिरून त्याच्या फळ्या टाकल्या, बोटबोट फट ठेवून. चारी बाजूंनी कारवीचा कूड घातला, शेणामातीनं लिंपला, आणि वर नारळाच्या झापांचं छप्पर. समोरून अर्धा कूड काढता येईल असा ठेवला, म्हणजे फाल्गुनात फावड्यानं ओढून घेता येतं. सगळं घरचंच सामान. विकत घेतला तो सुंभ तेवढा. मासळीचा घाण वास येऊ नये म्हणून दर दिवसाच्या केरावर राखेचा थर. पुढच्या श्रावणात पाणी आलं, फळ्यांखालून गेलं, आणि आमचं शेण कोरडं खडखडीत. जाऊबाई त्या दिवशी कोठीच्या झापावर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या, मला आठवतंय. शेजारपाजारच्या बायका येऊन बघून गेल्या. दोघी-तिघींनी दगड जमवायला सुरुवातही केली.

आणि मग साहेब आले.

तालुक्याहून कसल्याशा गावसुधारणेच्या योजनेचे साहेब. पायात बूट, हातात छापील चित्र. चित्रात एक चौकोनी खड्डा, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल. असे खतखड्डे घरटी एक खणायचे, त्यात सगळा कचरा टाकायचा, म्हणजे गाव स्वच्छ आणि खत उत्तम. संक्रांतीच्या आत जे गाव सगळे खड्डे पुरे करील त्याच्या बांधाची डागडुजी आधी होणार. हे घाटावरच्या गावाला लाख चांगलं असेल. मी नाही म्हणत नाही. पण साहेबानं आमच्या गावात पाऊल टाकताना खाली बघितलं तरी होतं का? त्यांना आमची कोठी दाखवली, तर ते म्हणाले, हा कोंबड्यांचा खुराडा एवढा उंच कशाला बांधलाय? सगळे पुरुष हसले. माझे थोरले दीरही हसले. ते गावचे सरपंच होते, आणि ज्या बाईनं ती कोठी बांधली होती तिच्याच हातचं जेवून आले होते.

पहिला खड्डा आमच्याच परसात खणून बघितला. हातभर गेला आणि खारं पाणी लागलं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. साहेब चिडले. तीन फूट म्हणजे तीन फूट, चित्राबाहेर जाता येणार नाही. मग कुणीतरी म्हणालं, टेपाडावर खणा. तिथं कोरडं लागेल.

आणि इथं माझ्या गावानं जी चूक केली, ती आमच्यासारखी खाडीकाठची माणसंच करू जाणोत. आम्हाला पाण्याची भीती एकाच बाजूनं ठाऊक. पाणी म्हणजे खाडीकडून येणारं. टेपाडावर खाडी कधी चढलेली नव्हती, तेव्हा टेपाडावर ठेवलेली वस्तू सुखरूप, हे सगळ्यांच्या डोक्यात पिढ्यान् पिढ्या बसलेलं. पूर आला की आम्ही भाताची बी आणि शेरडं टेपाडावरच न्यायचो. मग खत का नाही? दिरांना ते इतकं पटलं की त्यांनी मांडीवर थाप मारली. साहेबांचा खड्डा होतोय, खत वाहून जात नाही, बांधही दुरुस्त होतोय. वरून पडणारं पाणी कुणाच्या मनातही आलं नाही.

आलं ते एकीच्या. बैठकीच्या आदल्या दिवशी जाऊबाई मला म्हणाल्या, "एका साली टेपाडाच्या कडंला मेलेलं वासरू पुरलं व्हतं. आषाढात इहिरीचं पानी वासाला लागलं. इथं तर चाळीस घरांचं शेण पुरतान. तू हाईस ना थयं पंचायतीत, तू सांग गो."

मी कशी सांगणार? थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि जाऊबाईंनी घरात सांगून बघितलंच होतं, त्यांना उत्तर मिळालं होतं की चुलीपाशी बस. मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, की तुम्ही दादांच्या कानावर घाला. ते म्हणाले, घालतो. बैठकीत ते माझ्यासमोर कोपऱ्यात बसले होते. मी पदराआडून त्यांच्याकडं बघतेय, आणि ते आपले आढ्याकडं बघतायत. आढ्याला काय सोनं लागलं होतं? ठराव वाचून झाला. वही फिरत फिरत दाराशी आली. दिरांनी मान न वळवता म्हटलं, बाईंची सही घ्या.

मी पेन हातात घेतलं. तोंड उघडायला बंदी होती, पण पेन खाली ठेवायला तर बंदी नव्हती! हे मला आज सुचतं. तेव्हा वाटलं, एवढे बाप्ये मान हलवतायत, तालुक्याचा साहेब बसलाय, वासराची गोष्ट कदाचित जाऊबाईंच्या मनाची असेल. वाटलं, नवरा बोलला नाही तर मी कोण. आणि खरं सांगायचं तर सही झोकदार आली पाहिजे, याकडं माझं अर्धं लक्ष होतं. मी सही केली. खाली लिहिलं गेलं, एकमताने मंजूर.

घरी आले तर जाऊबाईंनी एवढंच विचारलं, "केलीस?" मी मान हलवली. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

संक्रांतीच्या आधी टेपाडावर खड्डे झाले, विहिरीच्या भोवतीनं, आणि आमची कोठी मोडून तिच्या फळ्या खड्ड्यांच्या कडेला लावल्या. साहेबांनी नारळ फोडला. फोटो निघाला. त्या फोटोत दीर आहेत, साहेब आहेत, मागं विहिरीचा रहाट आहे, आणि पाणी भरायला आलेल्या बायकांना जरा बाजूला व्हा म्हटलं होतं, म्हणून आम्ही कुणीच नाही. फाल्गुनात राबाला खत काढलं तर ओलं गिच्च. ते भाजायचं कसं? साहेब म्हणाले, भाजायचंच नाही, भाजणं म्हणजे सोनं जाळणं. तणाचं बी जळलंच नाही, आणि त्या साली रोपात तण एवढं माजलं की बायकांच्या कमरा मोडल्या. सोनं म्हणे. उचलली जीभ नि लावली टाळ्याला.

मग पावसाळा. आषाढात खड्डे काठोकाठ भरले. नारळाच्या मुळांतून, वाळूतून ते पाणी मुरत गेलं, आणि एका सकाळी मी कळशी वर ओढली तर पाण्याला गोठ्याचा वास. मी हात बुडवून नाकाशी नेला. माझ्या मागं जाऊबाई उभ्या होत्या. त्यांनीही हात बुडवला, आणि कळशी तिथंच उपडी केली. मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

श्रावणात उधाण आलं आणि बांधाला खांड पडली. डागडुजी व्हायचीच होती अजून! गल्लीत कमरेएवढं खारं पाणी, आणि टेपाडावर प्यायच्या विहिरीत शेणाचं. चहूकडं पाणी नि घोटभर प्यायला नाही. आम्ही पागोळ्यांखाली हंडे मांडून पावसाचं पाणी धरत होतो. घराघरांत उलट्या-जुलाब. माझी चार वर्षांची मुलगी तीन दिवस डोळे मिटून पडली होती, भाताच्या पेजेचं पाणी चमच्यानं पाजून मी तिला धरून ठेवली. ती वाचली. तिच्या अंगात बळ यायला दिवाळी उजाडली.

पाणी ओसरल्यावर साहेब आले, तोंडाला रुमाल लावून. खड्ड्यांबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, गावकऱ्यांनी विहीर अस्वच्छ ठेवली. ऐका! त्यांनी लाल औषध टाकलं, आणि पावसाळा सरल्यावर विहीर तळापर्यंत उपसून काढायचा हुकूम दिला. त्यासाठी बैलगाडीवरून इंजिनाचा पंप आला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. खड्डे बुजवायचे सोडून विहीर उपसायची!

या वेळी जाऊबाई रीतभात सोडून विहिरीवर गेल्या. पंपाचं नळकांडं आत सोडत होते, तिथं काठावर उभ्या राहून त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दगड दिसला की थांबा. त्याच्या खाली उपसाल त गोड्या पान्याला मुकाल."

साहेबांनी दिरांकडं बघितलं. दिरांची मान शरमेनं खाली गेली. विहिरीच्या काळजीनं नव्हे, बायको चारचौघांत बोलली म्हणून. त्यांनी बायकोला घरी जायला सांगितलं. मी तिथंच होते, हातात रिकामी कळशी. मी पुन्हा गप्प. पंप सुरू झाला. दगड उघडा पडला, त्याच्या खाली पाच-सहा हात कोरडी भिंत दिसली, जी आमच्यात कुणी कधी बघितली नव्हती, आणि मग तळाशी झरे फुटून पाणी यायला लागलं. साहेब म्हणाले, बघा, कसं स्वच्छ आलं. एका मुलानं ओंजळीनं चाखलं आणि थुंकला. खारं. पंधरा दिवस वाट बघितली, महिना बघितली, पुढचा पावसाळा बघितला. आजारी माणसाच्या तोंडाला चव नाही तसं, कधी मचूळ, कधी खारट. गोडं काही झालं नाही. तेव्हापासून आम्ही पाणी आणायला शेजारच्या गावी जायला लागलो, सकाळ-संध्याकाळ, बांधावरून, दीड कोस.

विहीर उपसली त्याच हिवाळ्यात, बायकांनी कुणाला विचारलं नाही. ठराव नाही, नारळ नाही. टेपाडावरचे खड्डे आम्हीच बुजवले आणि घरोघरी कोठ्या उभ्या केल्या. एकीचे दगड कमी पडले तर दुसरीनं दिले. ज्यांच्याकडं पोफळ नव्हती त्यांनी बांबूची ताटी टाकली. मोडलेल्या पहिल्या कोठीवरून जाऊबाईंनी एक शहाणपण काढलं होतं, की कूड फळ्यांना टेकवायचा नाही, बाहेरून लोंबता ठेवायचा, म्हणजे पाणी आत ओघळत नाही. श्रावणात उधाण आलं तेव्हा गल्लीतून नुसतं पाणी वाहिलं. एक काडी तरंगली नाही. त्या साली पोरं आजारी पडली नाहीत.

हे तालुक्याला कळलं, आणि तेच साहेब हारतुरे घेऊन परत आले. आता ते म्हणाले, पूरग्रस्त गावांसाठी कमी खर्चाची नमुनेदार खतकोठी. आमच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, त्यांनी भाषण केलं, आणि या कल्पक कामाबद्दल सरपंचांना मानपत्र दिलं. दिरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. जाऊबाई आत चुलीपाशी पाहुण्यांचे पोहे परतत होत्या. त्यांच्या हातातलं उलथनं क्षणभर थांबलं, आणि पुन्हा चालू झालं. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

भाषणानं साहेबांचा घसा सुकला. त्यांनी पाणी मागितलं. पाहुण्यांसाठी दीड कोसावरून आणलेला गोड्या पाण्याचा हंडा ओटीवर झाकून ठेवलेला होता. मी तांब्या त्यात बुडवला नाही. परसात भांडी घासायला टेपाडावरच्या विहिरीचं पाणी होतं, त्यातून भरला, आणि डोईवरचा पदर तसाच ठेवून थेट त्यांच्यासमोर नेऊन धरला. त्यांनी मोठा घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं. थुंकायचं कुठं, समोर सगळं गाव, म्हणून बिचाऱ्यांनी गिळलं.

"पाणी खारट आहे का?" त्यांनी दिरांना विचारलं.

दीर काही बोलायच्या आत मी बोलले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यांच्यासमोर माझा आवाज पहिल्यांदा निघाला. "साहेब, ते गोडं होतं. तुमच्या खड्ड्यांनी आणि माझ्या सहीनं खारं झालं. दादा, ते मानपत्र वहिनींच्या हातात द्या. कोठी त्यांची आहे. विहीर घालवली ती तेवढी आपली."

साहेबांनी तांब्या खाली ठेवला. दीर उठले, आत गेले, आणि मानपत्र चुलीशेजारच्या पाटावर ठेवून बाहेर आले. जाऊबाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी पोह्यांवर खोबरं घातलं, ताटल्या माझ्या हातात दिल्या, आणि म्हणाल्या, "ह्ये वाढून ये. मग हंडं घे. ऊन उतरलाय, पान्याला जाया होवा."